काकींच्या फोनची मांडणी

काकींच्या घरात कंपनीने दिली तशी राहिलेली एकही वस्तू नव्हती.

टीव्हीच्या रिमोटवर ढीगभर बटणं असतात, त्यातली काकींना मोजकीच लागायची. बाकीच्यांवर त्यांनी जखमेवर लावतात ती चिकटपट्टी लावून टाकली होती, त्यामुळे तो रिमोट नुकताच अपघातातून उठल्यासारखा दिसायचा. मिक्सरच्या झाकणाला सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग. छत्रीच्या मुठीला जुन्या साडीच्या काठाचं वेटोळं, कारण प्लास्टिकची मूठ हाताला घाम आणते म्हणे. खुर्च्यांचे पाय तर त्यांनी सुताराकडून चार-चार बोटं कापून घेतले होते. काकी उंचीने बेताच्या, आणि खुर्चीत बसल्यावर पाय लोंबकळले की त्यांना अपमान वाटायचा. पाहुणा त्या खुर्चीत बसला की त्याचे गुडघे हनुवटीला भिडायचे. कोणी कुरकुर केलीच तर काकी म्हणायच्या, "तू तासाभराने उठून जाणार. मला रोज बसायचंय."

मी सांगलीहून फोर्टमधल्या नोकरीसाठी आले आणि गिरगावातल्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर, काकींकडे पेइंग गेस्ट म्हणून राहिले. दोन खोल्या, सामाईक गॅलरी, आणि मी धरून दोन माणसं. काका जाऊन काही वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी मी ऑफिसातून आले तर माझ्या नव्या बादलीच्या कडीला चिंधी गुंडाळलेली आणि माझ्या उशीतला अर्धा कापूस काढलेला. "मान आखडली असती," काकी म्हणाल्या. मला राग आला होता, पण मान खरंच आखडेनाशी झाली, त्यामुळे भांडायला जागा राहिली नाही. "वस्तू कंपनी करते गो, आपली आपण करायची. कंपनी काय आपल्या घरी येऊन राहिलीय?" हे वाक्य मी त्यानंतर इतक्यांदा ऐकलं की सांगलीला गेले तरी माझ्या तोंडून यायचं, आणि आई माझ्याकडे संशयाने बघायची.

स्मार्टफोन त्यांना मुलाने दिला. मुलगा एकुलता, पुण्याला मोठ्या कंपनीत. त्याने फोन देतानाच त्यात म्हाताऱ्या माणसांसाठी असतो तो सोपा मोड चालू करून दिला होता. अक्षरं एवढी मोठी की काकींना आलेला मेसेज समोरच्या गॅलरीतले गोदीवाले काका आधी वाचायचे आणि ओरडून सांगायचे, "काकी, गॅसचा नंबर आला हां!" माझगावच्या गोदीत उभा जन्म काढल्यामुळे काकांचा आवाज तसा होता.

"मला चष्मा आहे," काकी म्हणाल्या, "मी आंधळी आहे असं ह्याला कोणी सांगितलं?" आणि आठवडाभरात त्यांनी तो सोपा मोड कुठूनतरी शोधून बंद केला. मग फोनचं खरं काम सुरू झालं.

काकींनी फोन मांडणीसारखा लावला. रोज लागणारं खाली, उजव्या अंगठ्याजवळ: फोन, व्हॉट्सॲप, टॉर्च, मुलाचा नंबर. सणावाराला लागणारं वर. त्याच्या पुढच्या पानावर, बोट सरकवून जावं लागतं तिथे, बँक आणि वीजबिल. त्या पानाला त्या माळा म्हणायच्या. आणि फोनबरोबर कंपनीने घातलेली, कोणी न मागितलेली आणि काढू म्हटलं तरी न निघणारी जी ॲप्स असतात, ती सगळी त्यांनी एका फोल्डरमध्ये कोंबली होती. फोल्डरचं नाव 'पाहुणे'. "हाकलता येत नाही तर एका खोलीत बसवायचं. चहा विचारायचा नाही."

नातवाचा फोटो पडद्यावर लावा म्हणून सुनेने सुचवलं, तर काकींनी लावून बघितला आणि लगेच काढला. नातवाच्या नाकावर गॅसवाला येऊन बसत होता. त्यापेक्षा काळा पडदा बरा.

रिंगटोनच्या बाबतीत मात्र त्या जरा वाहवत गेल्या. माणूस तसा आवाज, असं त्यांनी ठरवलं. कोळणीला घंटी, माझ्या नंबराला चिमणी, आणि मुलाला कुकरची शिट्टी. स्वतःच्याच कुकरची, स्वतःच रेकॉर्ड केलेली. "तोही तापतो नि ओरडतो," म्हणाल्या. परिणाम असा झाला की मुलाचा फोन आला की काकी जाऊन गॅस बंद करायच्या, आणि कुकरची शिट्टी झाली की फोन उचलून "बोल रे" म्हणायच्या. पंधरा दिवस आम्ही कच्ची डाळ खाल्ली. शेवटी मीच हात जोडले, तेव्हा त्यांनी मुलाला दुसरा आवाज दिला आणि वर मलाच म्हणाल्या, "तुमच्या सांगलीच्या पोटांना काही सोसत नाही."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण त्या फोनवर काकींचं फार मोठं काहीतरी टांगलेलं होतं. काका गेल्यापासून मुलगा म्हणत होता, आई, खोली बंद कर आणि पुण्याला चल. काकी म्हणत होत्या, नाही. भांडणं झाली, रडारड झाली, आणि शेवटी तह झाला तो असा: रोज सकाळी आईने मेसेज टाकायचा आणि मुलाचा फोन आला की उचलायचा. जोवर फोन उचलला जातोय तोवर गिरगाव. ज्या दिवशी उचलला जाणार नाही, त्या दिवशी पुणं.

पुणं त्यांना वाईट होतं असं नाही. मुलगा जीव लावणारा, सून चांगली. मी एकदा विचारलंच, तिकडे काय कमी आहे? तेव्हा त्या मासे धूत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तिकडे साखर खंय आसा ता विचारूचा लागता." मग मी सांगलीची म्हणून त्यांनीच ते शुद्ध करून सांगितलं, "आयुष्यभर स्वैपाक केला गो. आता चहाला साखर कुठे आहे ते दुसऱ्याला विचारायचं? सगळं हातात मिळतं तिकडे. म्हणजे मला हात नाहीत असंच ना?"

आणि एका बुधवारी फोनने स्वतःच स्वतःला बदलून घेतलं.

मी ऑफिसात होते. मुलाचा फोन आला. आई फोन घेत नाहीये. वाजतोय, पण घेत नाहीये. त्याने गोदीवाल्या काकांना लावला, तेही घेईनात. शेजारच्या मास्तरणीबाईंना लावला, त्याही घेईनात. अख्खी वाडीच फोन उचलत नाही म्हटल्यावर त्याची खात्री पटली की इमारत कोसळली. मी टॅक्सी करून धावत सुटले. खरं सांगते, वाटेत मी आमच्या घरच्या देवाला नवस बोलले.

झालं होतं ते असं. आदल्या दिवसापर्यंत हिरव्या बटणावर बोट टेकवलं की फोन उचलला जायचा. त्या सकाळपासून बोट टेकवून चालेना, बाजूला सरकवावं लागायला लागलं. हे फोनने कोणाला सांगितलं नव्हतं. वाडीतली सगळी साठीपुढची माणसं सकाळपासून वाजणाऱ्या फोनवर बोटं आपटत बसली होती. काकींनी मुलाला उलटा फोन लावायचा प्रयत्न केला, पण मांडणीही हललेली. जिथे मुलगा असायचा तिथे फोनने, रोज बोलणं होतं म्हणून, कोळणीला आणून बसवलं होतं. काकींनी दोनदा लावला आणि दोन्ही वेळा कोळीण म्हणाली, "काकी, सांगितलं ना, आज सरंगा नाय!" तेव्हा काकींनी संतापून फोन गादीखाली सारला आणि मिक्सरवर वाटण लावलं.

इकडे मुलाने शेवटी वाडीच्या तोंडाशी असलेल्या वाण्याला गाठलं. वाण्याकडे जुना बटणांचा फोन, तो उचलला गेला. मी पोचले तेव्हा वाणी, गोदीवाले काका आणि आणखी चारजण पहार घेऊन काकींच्या दाराशी उभे होते आणि आत मिक्सर घरघरत होता. काकांनी पहार उगारली आणि मिक्सर थांबला. दार उघडलं. काकी दारात, हात कोपरापर्यंत वाटणाने लाल.

"मेल्यांनो, दार कित्याक मोडतास? जिती आसय मी!"

सगळे हसले. मी तर तिथेच पायरीवर बसले आणि हसता हसता रडले. पण माझ्या फोनवर मुलगा अजून होता, आणि तो हसत नव्हता. "आता बास," तो म्हणाला. "तिला सांगा, रविवारी मी गाडी घेऊन येतोय. सामान बांधून ठेवायचं." काकींनी ते ऐकलं. आत जाऊन हात धुतले आणि गॅसकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. मलाही भीती वाटत होती, आणि ती सगळीच त्यांच्यासाठी नव्हती. त्या गेल्या असत्या तर माझंही गिरगाव संपलं असतं.

संध्याकाळी मी म्हटलं, काकी, द्या इकडे. हे अपडेट काढून टाकता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्यासारखं होईल.

"नको."

"अहो, पण..."

"पहिल्यासारखं कधी काय होतं गो?" त्या खुर्चीत बसल्या. "माझं लग्न झालं तेव्हा ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं. मला कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर घर दुसरं, नाव दुसरं, आणि मांडणी सासूची. हा फोन बघ, तसाच. ह्याने तरी मला कुठे विचारलं?"

"विचारलं असेल," मी म्हटलं. "तुम्ही न वाचता ओके दाबलं असेल."

"लग्नालाही मी हो म्हटलंच होतं," काकी म्हणाल्या.

मग त्यांनी सासूची मांडणी सांगितली. सासूबाई उंच. मीठ सगळ्यांत वरच्या फळीवर. काकी रोज पाटावर चढून मीठ काढायच्या. आल्या आल्या हलवलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. म्हणून वर्षभर त्यांनी काहीच हलवलं नाही. फक्त बघितलं, सासू कुठल्या वेळी कशाला हात घालते ते. मग एक दिवस मीठ खाली आणलं. महिन्याने चहा. मग डाळी. सासूबाईंना कळलंसुद्धा नाही. एक दिवस त्याच विचारायला लागल्या, अगं, साखर कुठे आहे?

"आणि सगळंच काय सासूचं चुकीचं नव्हतं हां," काकी पुढे म्हणाल्या. "तेलाचा बुधला त्या शेगडीपासून लांब डावीकडे ठेवायच्या. का ते मला नंतर कळलं. तो मी अजून तिथेच ठेवते. म्हणून आधी बघायचं. आल्या आल्या सासूला घराबाहेर काढायचं नाही."

"पण तुमच्याकडे वर्ष नाहीये काकी. रविवारी गाडी येतेय."

"मग आजपासूनच सून व्हायचं," त्या म्हणाल्या आणि फोन गादीखालून काढला.

त्या दिवसांत काकींनी वाडीला कामाला लावलं. गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फर्मान, "मला फोन लाव." तो लावायचा, त्या बोट सरकवायच्या, कानाला लावून समोर उभ्या असलेल्या माणसाला म्हणायच्या, "हां, बरोबर. ठेव." मला ऑफिसात भर मिटिंगमध्ये त्यांच्यासाठी फोन लावावा लागला. साहेबांनी विचारलं, महत्त्वाचं होतं का? मी म्हटलं, फार. आणि ते खोटं नव्हतं.

शुक्रवारी त्यांना हवी ती गोष्ट सापडली. फोनच्या ॲपच्या आत, सेटिंगच्या पोटात, फोन कसा उचलायचा ते निवडायची सोय होती: सरकवून की टेकवून. मी लगेच म्हटलं, टेकवून करा काकी, जुनं परत मिळालं.

काकींनी बोट पुढे नेलं आणि थांबवलं. "थांब. जुन्यात काय व्हायचं माहितीये? फोन पिशवीत असायचा, भाजीचा धक्का लागायचा नि आपोआप उचलला जायचा. मी कोळणीशी घासाघीस करते ती हा तिकडे पुण्यात बसून ऐकायचा. मग संध्याकाळी मला, आई, एवढं भांडू नकोस, बीपी वाढतं. सरकवायचं असेल तर धक्क्याने उचलला नाही जाणार." त्यांनी सेटिंग तसंच ठेवलं. "तेलाचा बुधला," म्हणाल्या.

पण बाकी सगळं त्यांनी हलवलं. मुलगा पुन्हा अंगठ्याखाली आला, कोळीण तिच्या जागी गेली. अपडेटबरोबर आलेले नवे पाहुणे पाहुण्यांच्या खोलीत गेले. बाजूचं बटण दाबून धरलं की एक बाई आतून "मी काय मदत करू?" विचारायला लागली होती, तिला काकींनी "काय नको, बस" असं दोनदा तोंडाने सांगून बघितलं आणि मग सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं. आणि मग त्या उठल्या, पदर खोचला आणि वाडी फिरायला निघाल्या. मास्तरणीबाईंना टेकवून करून दिलं, कारण त्यांच्या हाताला कंप होता आणि बोट सरकवणं जमत नव्हतं. गोदीवाल्या काकांना सरकवून, कारण ते बटणावर बोट टेकवत नसत, खिळा ठोकत. प्रत्येकाला विचारायच्या, तुमचा अंगठा कुठे पोचतो? रोज कोणाशी बोलता? कोणाशी बोलायचं टाळता? ज्याचं जसं, त्याला तसं. शनिवारी दुपारी आमच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. समोरच्या वाडीतूनही माणसं आली होती. काकींना मी एवढ्या खुशीत कधी पाहिलं नव्हतं. सामान बांधायला त्यांनी एक पिशवीही काढली नव्हती.

रविवारी मुलगा आला. हातात घडी केलेले पुठ्ठ्याचे खोके. रडून आलेला असावा, डोळे लाल होते. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. काकींनी त्याला खुर्चीत बसवलं, तो गुडघे हनुवटीशी घेऊन बसला आणि बोलायला लागला. आई, तुला काही झालं असतं तर. मी तिकडे, तू इकडे. बुधवारी ते दोन तास मी कसे काढले माझं मला माहीत. मलाही वाटलं, त्याचं काय चुकलं?

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने हिरव्या बटणावर बोट टेकवलं. फोन वाजत राहिला. पुन्हा टेकवलं. मग चिडून दाबलं. वाजून वाजून बंद झाला.

"काय रे?" काकींनी विचारलं.

"काही नाही गं. परवापासून माझाही असाच करतोय. कधी उचलला जातो, कधी नाही. काल साहेबाचा फोन गेला."

काकींनी पदराला हात पुसले.

"मग तुला कोण नेणार?"

मुलाने आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी भिंतीकडे बघत होते, कारण तोंड उघडलं असतं तर हसू फुटलं असतं. आधी त्याच्या ओठाचा कोपरा हलला, मग तो हसायलाच लागला, खुर्चीतून उठता येईना इतका. काकींनी त्याच्या हातातून फोन घेतला, शेजारी पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव, अंगठा कुठे पोचतो तुझा?"

दोघं मायलेक तासभर डोकं डोक्याला लावून बसले होते. जाताना खोके त्याने गोदीवाल्या काकांना देऊन टाकले. पुण्याचा विषय त्याने काढला नाही, आणि मी तिथे होते तोवर पुन्हा कधीच निघाला नाही.

सोमवारी सकाळी मी डबा भरत होते. काकी चहाचा कप घेऊन फोनकडे बघत बसल्या होत्या. मग त्यांनी चष्मा सारखा केला, कोणालातरी फोन लावला आणि अगदी शुद्ध पुणेरी मराठीत बोलायला लागल्या.

"नमस्कार. आपण वॉचमनदादा का? जरा वर जाऊन दार वाजवता? हो, चौथा मजला. माझा मुलगा आहे. सकाळपासून मेसेज नाही आला त्याचा. आतून नाही उघडलं तर चारजण घेऊन जा."

थोड्या वेळाने फोन वाजला. काकींनी घाई केली नाही. चहाचा शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि बोट झोकात बाजूला सरकवलं. पलीकडे मुलगा ओरडत होता, आई, काय चाललंय, अंगाला साबण आहे माझ्या, दारात वॉचमन उभा आहे!

"जिवंत आहेस ना? मग झालं," काकी म्हणाल्या. "उद्यापासून सकाळी तू मेसेज टाकायचास. मला काळजी वाटते."